टीव्हीवर दिसणारे नाना फाईलमध्ये का नव्हते?

(जुन्या व्हिडिओ कॅसेट घरच्या कॉम्प्युटरवर उतरवण्याविषयी तरुण मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, पण व्हिडिओ हा काही माझा धंदा नाही. ऑफिसात मी बिलांचे आणि हिशेबांचे प्रोग्राम लिहितो. या कॅसेटच्या भानगडीत मी पडलो तो अम्मीमुळे. आमच्या घरी एक व्हीएचएस कॅसेट आहे, १९९४ सालची, मामूच्या लग्नाची. चिपळूणजवळच्या गावातलं लग्न. तिच्यात हळदीच्या रात्री नानी गाणी म्हणते आहे. आणि तिच्यात आमचे नाना आहेत, फक्त दोन सेकंद.

नानांना फोटो काढून घेणं मान्य नव्हतं. हजला जाताना पासपोर्टसाठी काढावा लागला तेवढा एक फोटो. लग्नात शूटिंगवाल्याने दिवा लावला की ते उठून बाहेर जायचे. पण एकदा मांडवात ते कोणाला तरी पाणी द्यायला आले, कॅमेरा नेमका तेव्हा सुरू झाला, आणि ते डावीकडून उजवीकडे चालत गेले. ५० हर्ट्झच्या हिशेबात सांगायचं तर शंभर फील्ड, पन्नास फ्रेम. अम्मीकडे तिच्या वडिलांचं चालणं एवढंच शिल्लक आहे.

मी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली. फाईल लावली. मांडव आला, चित्र गोठलं, आणि पुन्हा हललं तेव्हा नाना निघून गेले होते. तीच कॅसेट व्हीसीआरमधून थेट जुन्या टीव्हीवर लावली, तर नाना व्यवस्थित चालत गेले. अम्मी म्हणाली, "तुझ्या मशीनला माझे अब्बा दिसत नाहीत का?" मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. ते शोधताना जे कळलं ते आज सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या पोटमाळ्यावर अशी एखादी कॅसेट असणार.

आधी सिग्नलचा रस्ता लक्षात घ्या. टेप, व्हीसीआर, केबल, कॅप्चरचा डोंगल, त्याचा ड्रायव्हर, रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, आणि शेवटी फाईल दाखवणारा प्लेअर. आठ मुक्काम झाले. चित्र फाटलं, हिरवं झालं, थरथरलं, की आपण काय करतो? यूट्यूबवर जाऊन पाच सेटिंग एकदम बदलतो. मीही तेच केलं होतं. मग बिघाड गेला तरी कशामुळे गेला ते कळत नाही, आणि दुसऱ्या कॅसेटला तो परत येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बोरिंग आहे, पण ऑफिसात बग शोधताना आपण दुसरं काय करतो?

पहिली तपासणी फुकट आहे. बिघाड ज्या सेकंदाला दिसला तो लिहून ठेवा आणि फाईल पुन्हा लावा. या वेळी तो तिथे दिसला नाही, किंवा दुसऱ्या मिनिटाला दिसला, तर फाईल बहुतेक चांगली आहे आणि गोंधळ प्लेअरचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा आहे. व्हीएलसीमध्ये हार्डवेअर डीकोडिंग बंद करून पाहा, नाहीतर फाईल फोनवर टाकून पाहा. हिरवे चौकोन, स्क्रीनच्या मध्यावर आडवी चीर, हे पुष्कळदा असंच निघतं. माझ्या एका चुलतभावाने हिरव्या चौकोनांपायी एक कॅसेट चार वेळा उतरवली होती, फाईल पहिल्यापासून शाबूत.

बिघाड फाईलमध्ये ठरलेल्या जागीच असेल, तर कॅसेटचा तेवढाच तुकडा पुन्हा उतरवा. बिघाड हलला तर दोष बहुधा कॉम्प्युटरकडचा. तिथेच राहिला तर टेपकडे बघायचं. नानांच्या बाबतीत तो तीन वेळा तिथेच राहिला. पण टीव्हीवर तर तो नव्हता! त्याकडे मी नंतर येतो.

त्याआधी दोन गोष्टी, ज्या बिघाड नसतातच. चित्राच्या अगदी तळाशी दहा-बारा ओळी वाकड्या, खवळलेल्या दिसतात. व्हीसीआरमधला ड्रम सेकंदाला पंचवीस वेळा फिरतो, त्यावर दोन हेड समोरासमोर असतात, आणि प्रत्येक हेड एक फील्ड वाचतं. एका हेडकडून दुसऱ्याकडे काम जातं तो सांधा चित्राच्या तळाशी पडतो. जुने टीव्ही चित्राच्या कडा पडद्याच्या चौकटीमागे लपवायचे, म्हणून तो आपल्याला कधी दिसला नाही. कॉम्प्युटर सगळंच दाखवतो. त्यासाठी व्हीसीआर दुरुस्तीला नेऊ नका. शेवटच्या प्रतीत त्या ओळींवर काळी पट्टी टाकली की झालं.

दुसरी गोष्ट कंगव्याची. कोणी हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. यावर मी जरा थांबणार आहे, कारण माझं कायमचं नुकसान इथे झालं.

आपल्याकडची पाल पद्धत सेकंदाला पंचवीस फ्रेमची आहे असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात कॅमेरा सेकंदाला पन्नास वेळा बघतो, आणि प्रत्येक वेळी अर्ध्याच ओळी टिपतो. एकदा १, ३, ५, ७. पुढच्या वेळी २, ४, ६, ८. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. दोन फील्ड एकात एक विणली की ५७६ ओळींची एक फ्रेम होते. पण त्या दोन फील्ड वेगवेगळ्या क्षणांच्या आहेत, त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर आहे. स्थिर भिंतीला फरक पडत नाही. हलणारा हात मात्र दोन जागी असतो, एका जागी विषम ओळींत, दुसऱ्या जागी सम ओळींत. तेच ते दात. जुना टीव्ही एका मागोमाग एक फील्ड दाखवायचा, म्हणून दात दिसायचे नाहीत. कॉम्प्युटर दोन्ही एकदम मांडतो.

म्हणजे दात असलेली फाईल खराब नाही. उलट तिच्यात टेपवरची सगळी माहिती आहे. व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस चालू करा आणि यादिफ २एक्स निवडा, दात जातील आणि हालचाल पन्नासच्या पन्नास टप्प्यांत दिसेल. चित्र पुढे-मागे थरथरत असेल तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे. डीव्ही कॅमेऱ्यांत खालची फील्ड आधी असते, ॲनालॉग डोंगलमध्ये बहुतेक वेळा वरची.

आता माझी चूक ऐका. २०१६ साली मी अब्बांच्या शाळेतल्या निरोप समारंभाची कॅसेट उतरवली. ओबीएस स्टुडिओ वापरलं. चांगलं सॉफ्टवेअर आहे, पण ते स्क्रीन रेकॉर्ड करायला आणि थेट प्रक्षेपणाला बनवलेलं आहे, आणि मी त्याची सेटिंग आली तशीच ठेवली. कॅनव्हास माझ्या स्क्रीनच्या मापाचा, १९२० बाय १०८०. वेग सेकंदाला ३० फ्रेम. डीइंटरलेस बंद. मला वाटलं, ५७६ ओळींच्या १०८० झाल्या, क्वालिटी वाढली! झालं काय? ५७६ ओळी ताणताना सम आणि विषम ओळी एकमेकींत मिसळल्या. आता त्या फील्ड कुठल्याही सॉफ्टवेअरला नीट वेगळ्या करता येत नाहीत. पंचवीसच्या तीस फ्रेम करताना दर सेकंदाला पाच फ्रेम दुप्पट झाल्या, म्हणून अब्बा हार घ्यायला पुढे येतात ते अडखळत येतात. चार-तीनचं चित्र सोळा-नऊमध्ये ताणलं, म्हणून सगळे मास्तर जाडे. एवढं झाल्यावरही मला पश्चात्ताप झाला नव्हता, कारण कॅसेट होती. मग घराला रंग काढला, पोटमाळा रिकामा केला, आणि मीच म्हणालो, "याची फाईल आहे माझ्याकडे, टाकून द्या."

ताणलेले चेहरे मी नंतर आडव्या बाजूने दाबून सरळ केले. दात आणि अडखळणं तसंच आहे.

तेव्हा उतरवताना फक्त उतरवायचं. ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड जसं आहे तसं. स्वच्छ करणं, रंग सुधारणं, दात काढणं, सगळं नंतर, प्रतीवर. ओबीएसच वापरायचं असेल तर कॅनव्हास आणि आउटपुट दोन्ही ७२० बाय ५७६ करा आणि वेग २५ पाल निवडा. मी आता व्हर्च्युअलडब वापरतो, जुनं आणि फुकट आहे, आणि एक काम फार प्रामाणिकपणे करतं: किती फ्रेम गळल्या ते रेकॉर्डिंग चालू असतानाच आकड्यात दाखवतं.

गळलेल्या फ्रेम म्हणजे चित्राला बसणारे हिसके. हिशेब करा. ७२० गुणिले ५७६, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, सेकंदाला पंचवीस वेळा. सेकंदाला वीस एमबीपेक्षा थोडं जास्त, तासाला जवळपास ७५ जीबी. हफवाययूव्हीसारखा लॉसलेस कोडेक लावला तर निम्म्यावर येतं. हे पाणी अखंड वाहत असतं आणि टेप थांबत नाही. मध्येच अँटिव्हायरस जागा झाला, विंडोज अपडेट उतरायला लागलं, डोंगल आणि बाहेरची हार्ड डिस्क एकाच यूएसबी हबवर असली, लॅपटॉप पॉवर सेव्हरवर गेला, की बादली भरते आणि फ्रेम सांडतात. डोंगल थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, फाईल आतल्या डिस्कवर घ्या, वायफाय बंद करा, आणि कृपा करून त्याच वेळी क्रोमच्या तीस टॅब उघड्या ठेवू नका. पेन ड्राइव्ह किंवा डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीला फाईल अडते, तेही बघून घ्या. आणि ही सगळी चाचणी लग्नाच्या कॅसेटवर करू नका. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली एखादी जुनी क्रिकेटची मॅच घ्या, तिच्यावर काय प्रयोग करायचे ते करा. टेप जितक्या वेळा चालते तितकी झिजते.

चित्रावर दोन फिकट आडव्या पट्ट्या सावकाश वर सरकताना दिसल्या तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. पट्ट्या गेल्या? मग ती घरच्या विजेची, अर्थिंगची भानगड होती. व्हीसीआर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावल्यानेही पुष्कळदा जाते.

रंग पूर्ण गेले असतील तर विचारा, कॅसेट आली कुठून? आपल्याकडे घरोघरी कोणी ना कोणी आखातात होतं. सौदीत त्या काळी सेकॅम पद्धत चालायची. तिथे टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली कॅसेट नुसत्या पालवर चालणाऱ्या व्हीसीआरमध्ये काळी-पांढरी दिसते. अमेरिकेतल्या नातेवाइकांची असेल तर ती एनटीएससी, ५२५ ओळींची. दोन्हीत टेप खराब नसते, मल्टिसिस्टीम व्हीसीआर लागतो आणि सॉफ्टवेअरमध्ये पद्धत बदलावी लागते. आखातातून परत आलेल्यांच्या घरी असे व्हीसीआर अजून सापडतात, विकत घेण्याआधी खालाला किंवा चाचाला विचारा.

चित्र मध्येच उजळतं, मग काळवंडतं, पुन्हा उजळतं, हाही एक प्रकार आहे. सिनेमाच्या विकतच्या कॅसेटमध्ये कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम तसा सिग्नल घातलेला असायचा. पण जुन्या, दमलेल्या घरगुती कॅसेटचा सिग्नलही कधी कधी डोंगलला तसाच वाटतो आणि तो आपल्याच लग्नाला चोरीची कॉपी समजतो. डोंगल बदलून पाहणं हाच उपाय. स्वस्त डोंगलांचं आणखी एक दुखणं म्हणजे पांढरा रंग. ते उजेड आपोआप वाढवतात, आणि आपल्या लग्नांत निम्मे लोक पांढऱ्या कुर्त्यात. चुण्या, बटणं, सगळं जाऊन नुसता पांढरा डाग उरतो. उतरवण्याआधीच ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट थोडा खाली घ्या. जळून गेलेला पांढरा नंतर परत येत नाही.

आता टेपकडे. संपूर्ण चित्रात मुंग्या आल्या तर बहुतेक हेड घाण झालं आहे. मुंग्यांचा पट्टा एकाच जागी किंवा सरकता असेल तर आधी ट्रॅकिंगचं बटण फिरवा. क्षणभर चमकून जाणाऱ्या पांढऱ्या रेघा म्हणजे टेपवरचा थर तिथे उडाला आहे, त्याला इलाज नाही. हेड पुसायचं तर व्हीसीआरचा प्लग काढा, धागे न सोडणाऱ्या कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, कापड ड्रमला नुसतं टेकवून धरा आणि ड्रम वरून बोटाने हळू फिरवा. कापड कधीही वर-खाली घासू नका, हेड तुटतं. कानात घालायची कापसाची काडी तर अजिबात नको, तिचे तंतू हेडमध्ये अडकतात.

कोकणातल्या लोकांसाठी बुरशीचं वेगळं सांगतो. आपल्या पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर जी पांढरी भुकटी चढते, तशीच कॅसेटवर चढते. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड बघा. काळी, तुकतुकीत असेल तर ठीक. पांढरे ठिपके किंवा तंतू दिसले तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड बिघडेल, टेप तुटू शकते, आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल. ती वेगळ्या पिशवीत ठेवा. साफ करणाऱ्या अनुभवी माणसाकडेच द्या.

आता नाना.

शूटिंगवाल्याने कॅमेरा बंद करून जिथे पुन्हा चालू केला, किंवा एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर कॉपी करताना पॉज दाबला, तिथे टेपवरच्या सिग्नलची लय तुटते. प्रत्येक ओळ कुठे सुरू होते, प्रत्येक फील्ड कुठे संपते, हे सांगणाऱ्या खुणा सिग्नलमध्ये असतात. सांध्यावर त्या खुणांचा ताल चुकतो. जुना टीव्ही अशा वेळी एक झटका खातो, चित्र क्षणभर वाकतं, आणि तो मिळेल ते दाखवत पुढे जातो. डोंगलला अचूक ताल लागतो. ताल चुकला की तो शेवटचं चित्र धरून बसतो आणि सिग्नल पुन्हा पकडायला सेकंद-दीड सेकंद घेतो. बाकीच्या कॅसेटमध्ये असे सांधे शंभर असतील, कोणाला पत्ताही लागत नाही. नाना मात्र नेमके सांध्याच्या लगेच पुढे चालत आले होते, कारण कॅमेरा चालू झाल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. कळलं असतं तर ते आलेच नसते.

यावर खरा उपाय टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र. ते डळमळीत ओळी आत घेतं आणि सरळ ताल लावून बाहेर सोडतं. नवीन मिळत नाही, जुनं महाग. पण काही डीव्हीडी रेकॉर्डर, म्हणजे रेकॉर्ड करणारे, नुसते प्लेअर नव्हेत, आत आलेला सिग्नल बाहेर सोडताना हेच काम थोडंफार करतात. सगळ्या मॉडेलांना जमत नाही. आमच्या फुफीकडे एक होता, त्याचा ट्रे कधीच बंद पडलेला, वर पानदान ठेवलेलं. मी व्हीसीआरची केबल त्याच्या इनपुटला लावली आणि त्याच्या आउटपुटमधून डोंगलला. बाकी काहीही बदललं नाही. तोच व्हीसीआर, तोच डोंगल, तेच सॉफ्टवेअर.

मांडव आला. चित्र वरच्या बाजूला वाकलं, सरळ झालं, आणि नाना चालत आले. मी फ्रेम मोजल्या. पन्नासपैकी सदतीस मिळाल्या. पहिल्या काही फाटक्या आहेत, त्यात फक्त हात आणि तांब्या ओळखू येतो. दोनदा आणखी उतरवून पाहिलं, छत्तीस आणि सदतीस. मग थांबलो, टेप आणखी झिजवायची नव्हती.

अम्मीने ते किती वेळा बघितलं ते मी सांगत नाही. पण तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, की हे आता व्हॉट्सॲपवर जाणार का? नानांनी आयुष्यभर जे टाळलं ते त्यांच्या मागे आपण चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकायचं का? माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. तो तुकडा आम्ही ग्रुपवर टाकला नाही, घरी येऊन ज्याला बघायचा त्याने बघावा असं ठरवलं. हळदीच्या गाण्यांचंही तसंच. एका मामेबहिणीला ती यूट्यूबवर टाकायची होती, कारण ती गाणी आता कोणाला येत नाहीत. तिचं म्हणणं खोटं नाही. पण ती बायकांची खोली होती, घरचीच माणसं समजून त्या गात होत्या. आम्ही ज्या हयात आहेत त्यांना फोन केले. दोघी नको म्हणाल्या. म्हणून फक्त आवाज ठेवून चित्र काढलं, त्याला त्या तयार झाल्या. आवाज डोंगलमधूनच घेतलेला असल्याने जुळवाजुळव करावी लागली नाही. तो कॉम्प्युटरच्या वेगळ्या साउंड कार्डातून घेतला असता, तर तासाभरात ओठ आणि शब्द वेगळे पडले असते.

मूळ फाईल दोन डिस्कवर ठेवा, दोन वेगळ्या घरांत. आमच्या भागात २०२१च्या जुलैमध्ये पूर आला तेव्हा तळमजल्यावरचं काय काय गेलं ते इथल्या चिपळूणच्या मुलांना सांगायला नको. घरच्यांना बघायला द्यायची ती लहान एमपी४ प्रत वेगळी करा, दात काढलेली, चार-तीनच्या मापाची. आणि मूळ कॅसेट टाकू नका. पूर्ण गुंडाळून, उभी, कोरड्या जागी ठेवा.

माझं बोलणं एवढंच. ज्यांनी कॅसेट आणल्या आहेत त्यांनी डावीकडच्या टेबलावर या. तिथे टॉर्च ठेवला आहे. व्हीसीआरला हात लावण्याआधी प्रत्येकाने आपल्या कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून बघायचं. पांढरं काही दिसलं तर मला हाक मारा, कॅसेट आत घालू नका.